एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन?
पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले की पुढचेही तसेच करावे लागते, हा समज अजून टिकून आहे. त्याचे मूळ १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रॅगिन यांनी केलेल्या विधानात सापडते; मात्र त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेतला जाई आणि कळा सुरू झाल्यावर तो व्रण उसवण्याची भीती खरीच होती. (क्रॅगिन यांचा रोख मुळात पहिले सिझेरियन टाळण्यावर होता, हे सहसा कोणी सांगत नाही.) आता बहुतेक वेळा खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेतात. असा एकच छेद असलेल्या आणि अन्य अडचण नसलेल्या स्त्रीने नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ७२ ते ७५ टक्के वेळा यशस्वी होतो. गर्भाशय फाटण्याचा धोका सुमारे २०० मध्ये १ असतो. हा धोका लहान असला तरी क्षुल्लक नाही, म्हणून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवण्याची आणि तातडीने शस्त्रक्रिया करण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच हा प्रयत्न करावा. पोटावरची खूण पाहून गर्भाशयावरचा छेद कळत नाही. त्यासाठी आधीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रेच लागतात. गर्भाशयावर उभा छेद असेल किंवा ते पूर्वी फाटले असेल, तर मात्र ठरवून केलेले सिझेरियनच सुरक्षित ठरते.