‘कोविड विषाणू नव्हताच, नुसत्या गुठळ्या’: खुलासा

गणपतीला चाकरमानी गावी आले की आमच्या रत्नागिरीकडच्या भावकीच्या ग्रुपवर २०२० चा तो मेसेज पुन्हा उगवतो: ‘इटलीत शवविच्छेदनं केली तेव्हा कळलं, विषाणू नाहीच, रक्त गोठतं. ॲस्पिरिन घ्या, बरे व्हा.’

अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या खरंच सापडल्या. पण त्या होतात कशा? विषाणूमुळे दाह उसळतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं आणि रक्त तिथल्या तिथे गोठतं, अगदी केशवाहिन्यांतसुद्धा. पायातली गुठळी वर जाऊन अडकते, पाटातून वाहत आलेला पाला मोरीत तुंबावा तशी, तो प्रकार वेगळा. अंथरुणाला खिळलेल्यांत तोही दिसला. म्हणजे गुठळ्या हा विषाणूचाच प्रताप.

ॲस्पिरिनचं म्हणाल, तर ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत जवळपास १५,००० दाखल रुग्ण होते. २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू घटले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र किंचित वाढला. हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनची तर वेगळीच तऱ्हा. पूर्ण मात्रा मध्यम आजारी रुग्णांना उपयोगी पडली, आयसीयूतल्या अत्यवस्थांना नाही.