कायम तिथी ते मानपत्र : रुग्णनिवासांच्या देणगीदार मेळाव्यांची पार्श्वभूमी

देणगीदार मेळाव्याची तारीख ठरली की कुणी ना कुणी म्हणतंच, "सत्काराच्या शाल-श्रीफळाचे पैसे रुग्णांच्या ताटात घाला." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. खारघरच्या एका रुग्णनिवासात मी दर शनिवारी जाते, पावत्या फाडते, दुपारच्या पंगतीत वाढते. पहिल्या वर्षी मलाही अगदी हेच वाटलं होतं. नंतर संस्थेच्या जुन्या वह्या चाळायचं काम माझ्याकडे आलं आणि उलगडा झाला, की मेळावा कुणाच्या हौसेपोटी सुरू झाला नव्हता. ताटाचेच पैसे पुरेनात, म्हणून तो सुरू झाला.

आधी निवास का लागतो ते सांगते. परळचं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. देशभरातून रुग्ण यायला लागले आणि त्यांच्यासोबत आई, नवरा, भाऊ, कडेवरचं लेकरू. कर्करोगाच्या उपचाराची एक अडचण घरात कुणी आजारी पडल्याशिवाय लक्षात येत नाही. किरणोपचार बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. यंत्राखाली रुग्ण असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे रुग्णालयात भरती नाही, आणि गावी परतायचीही सोय नाही. दिवसाचे उरलेले तास काढायचे कुठे? परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबं दिसतात, त्यामागचं कारण हे आहे. २००२ मध्ये टाटाची संशोधन संस्था परळहून खारघरला आली, ॲक्ट्रेक या नावाने उभी राहिली, तिथे रुग्णांवर उपचारही होऊ लागले आणि हाच प्रश्न खाडी ओलांडून नवी मुंबईत आला.

या प्रश्नाकडे महाराष्ट्रात फार आधी डोळे उघडून पाहिलं ते गाडगेबाबांनी. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली होती ती वारकऱ्यांसाठी. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांचे हाल पाहिल्यावर १९५४ मध्ये त्यांनी तिथेही धर्मशाळा बांधली. मला यातलं मोठेपण असं दिसतं : देवाच्या दारी आलेल्याला आसरा द्यायची रीत जुनीच होती, बाबांनी ती दवाखान्याच्या दारी आणली. पुढे दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत कर्करुग्णांची सोय झाली. परळला १९६८ मध्ये रुग्णांना आसरा देणारी नाना पालकर स्मृती समिती सुरू झाली. कर्करोग झालेल्या मुलांसाठी २००६ मध्ये सेंट ज्यूड संस्थेचं काम मुंबईत उभं राहिलं. ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्यासारख्या लहान संस्था याच वाटेवर मागाहून आल्या.

पैशाची गोष्ट मात्र याहून फार जुनी आहे. ज्या डोंगराच्या अलीकडे ठाणं वसलं आहे, त्याच्याच पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. कल्याणचा व्यापारी, सोनार, लोहार; कुणी पाण्याची पोढी, म्हणजे कातळातलं टाकं दिलं, कुणी बसायला ओटा. तिथल्या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : अक्षयनीवी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, तिच्या व्याजातून भिक्षूंचं वस्त्र आणि बाकीचा खर्च भागवायचा. नवव्या शतकात, शिलाहारांच्या काळात, गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या एका उपासकानं भिक्षूंसाठी राहायची जागा करून दिली आणि वर शंभर द्रम्म नाण्यांची अशी ठेव ठेवली. खोली बांधणं आणि ती चालवणं हे दोन वेगळे खर्च आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज हिशेबनीस ज्याला कॉर्पस म्हणतात, ते हेच. ठाण्याच्या किल्ल्याजवळ १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, तो इ.स. १०१७ चा. त्यातही दानच नोंदलेलं आहे. दिलेल्याची नोंद टिकाऊ हवी, हा आग्रह इथल्या मातीत हजार वर्षांचा तरी आहे.

इंग्रजी अमदानीत दात्याचं नाव दगडावरून दरवाजावर आलं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. नरोत्तमदास माधवदास या नावानं ते कित्येक वर्षं ओळखलं जाई. जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या नावात विठ्ठल सायन्ना आहेत, आणि ठाणेकर ‘सिव्हिल’ म्हणत असले तरी कागदोपत्री ते नाव कायम आहे. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. अशा ठिकाणी दात्यानं वास्तूचं पाहिलं आणि रोजचा खर्च सरकारनं उचलला. झाडू, फिनेल, विजेचं बिल, स्वयंपाकिणीचा पगार यांची चिंता दात्याला करावी लागली नाही. स्वयंसेवी रुग्णनिवासाच्या मागे असं कुणी नसतं. खोलीला दाता लगेच मिळतो, कारण खोलीवर पाटी लागते. गॅसच्या सिलिंडरवर कुणाच्या आईच्या नावाची पाटी लावणार?

यावर आपल्याकडे निघालेला तोडगा म्हणजे कायम तिथी. मठांत, देवस्थानांत, वृद्धाश्रमांत ही योजना सगळ्यांना माहीत आहे. आपण एकदाच ठरावीक रक्कम ठेव म्हणून द्यायची. संस्था दर वर्षी त्या तिथीला, आईच्या श्राद्धाला किंवा मुलाच्या वाढदिवसाला, व्याजातून जेवण घालणार. अक्षयनीवीच ती, नाव तेवढं बदललं.

आमच्या संस्थेचं मूळ काम ठाण्यातलं, सिव्हिलमधल्या नातेवाइकांना डबा पोचवण्याचं. खारघरचा निवास नंतरचा. त्या सुरुवातीच्या काळातली कायम तिथीची वही माझ्यासमोर आहे. लाल कापडी पुठ्ठा, आत निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. १९९६ च्या पानावर नौपाड्यातल्या एका कुटुंबाचे ५,००० रुपये जमा आहेत, ‘मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मातोश्रींच्या स्मरणार्थ’. तेव्हा मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. वर्षाचे ६०० रुपये. चाळीस माणसांना पोळी, भाजी, वरण-भात आणि मूठभर शिरा त्यात सहज होई. शेजारी तसा हिशेब मांडलेलाच आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत व्याज उतरत गेलं आणि २०२०-२१ मध्ये ते पाच-साडेपाच टक्क्यांवर आलं. त्याच ५,००० चे पावणेतीनशे रुपये झाले. एवढ्यात चाळीस ताटांचा भातसुद्धा धड होत नाही. पण संस्थेनं शब्द दिला होता ‘कायम’चा. मार्गशीर्षातली ती पंचमी दर वर्षी येते, त्या घरची सूनबाई येऊन पंगतीत स्वतः वाढते, फळ्यावर खडूनं सासूबाईंचं नाव लिहिलेलं पाहून हात जोडते. पैसे पुरत नाहीत हे तिला कुणी कधी सांगितलं नाही.

ही तूट आधी स्मरणिकेतल्या जाहिरातींनी भरून काढली. गणेशोत्सवाच्या वर्गणीत आणि पावतीपुस्तकात मुरलेल्या कार्यकर्त्यांना हे काम नवं नव्हतं. मागचं कव्हर बिल्डरकडे, पूर्ण पान सहकारी बँकेकडे, पाव पान किराणा दुकानदाराकडे. मग नाटकं आली. १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभं राहिलं होतं आणि तेव्हापासून ठाण्यातल्या संस्थांना निधीसाठी एक हक्काची जागा मिळाली होती : प्रयोग विकत घ्यायचा, तिकिटं घरोघर जाऊन खपवायची, मध्यंतरात दोन मिनिटं संस्थेची माहिती सांगायची. त्या दोन मिनिटांत मोठ्या देणगीदाराला रंगमंचावर बोलावून गुलाबपुष्प देत. आजच्या सोहळ्याची मुळं मला त्या मध्यंतरात दिसतात. आधी नाटक मुख्य आणि सत्कार तोंडी लावायला होता. पुढे पारडं फिरलं.

ते फिरण्यात कायद्याचाही हात आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि हिशेब सक्तीचे केले, हे चांगलंच झालं. देणगीवर करसवलत देणाऱ्या प्राप्तिकराच्या ८०-जी कलमामुळे मार्च महिना देणग्यांचा महिना झाला. ‘ऐंशी-जी आहे ना?’ हा प्रश्न मी पावती फाडताना कितीदा ऐकला असेल याला गणती नाही. पण नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, आणि २०२३-२४ पासून वेगळी निवड केली नाही तर तीच प्रणाली लागू होते. पगारदार माणसाला देणगीची करापुरती असलेली ओढ कमी झाली. दुसरीकडे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांचे लोक निवास बघायला येऊ लागले. त्यांना प्रकल्प लागतो, छायाचित्र लागतं, वर्षाच्या आत पूर्ण झाल्याचा अहवाल लागतो. रुग्णवाहिका मिळते, सोलर हीटर मिळतो. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा पगार अशा चौकटीत बसवायला फार कष्ट पडतात. तो पगार शेवटी वर्षाला दोन-पाच हजार देणाऱ्या माणसांच्या जिवावर निघतो, आणि त्या माणसांना वर्षातून एकदा एकत्र बोलवायचं, हिशेब वाचून दाखवायचा, हा मेळाव्याचा खरा उद्देश.

पुरस्कारांचा ओघ मात्र दुसरीकडून आला. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला स्थापन झाली. वर्धापनदिनी ठाणेभूषण, ठाणेगौरव, ठाणे गुणीजन असे पुरस्कार देण्याची प्रथा रुजली. शहराच्या वतीनं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, ही कल्पना संस्थांनीही उचलली. आमचं पहिलं मानपत्र एका रिक्षावाल्या दादांना दिलं होतं. ते खारघर स्टेशनपासून रुग्णालयापर्यंत केमोच्या रुग्णांकडून भाडं घेत नसत. मानपत्र वाचून दाखवत असताना ते दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले होते. ‘नागरी नेतृत्व’ हा आता मेळाव्यांत ऐकू येणारा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण शब्दाला साजेसा माणूस समोर होता.

मला सलतं ते यानंतरचं. आमच्याकडेही आणि इतरत्रही हळूहळू पुरस्कार पुढे आणि काम मागे असं होऊ लागलं. ज्यांच्याकडून देणगी यावी असं वाटतं त्यांना आधी पुरस्कार. पाहुणे वाढले, भाषणं वाढली. एका वर्षी निवासाच्याच अंगणात संध्याकाळचा सोहळा होता आणि सत्कार लांबत गेले. स्वयंपाकघरातली माणसं खुर्च्या मांडण्यात गुंतलेली. साडेआठला एक आई मंचाच्या कडेला आली. हातात गोळ्यांची डबी, रात्रीचा कप्पा उघडून धरलेला. "ताई, जेवल्यावर द्यायच्या आहेत हिला. भात तरी मिळेल का?" मी आत जाऊन कुकर लावला. बाहेर अजून दोन मानपत्रं वाचायची होती.

त्या रात्रीनंतर विश्वस्तांनी तीन गोष्टी बदलल्या. मेळावा आता रविवारी दुपारी तीनला, निवासाबाहेरच्या सभागृहात असतो. आधी जमाखर्च, मग बाकीचं. आणि पुरस्कारासाठी देणगीदारांचा विचार होत नाही. त्यांची नावं अहवालात येतात, रक्कम कितीही असो, अकारविल्हे. मानपत्र फक्त वेळ आणि श्रम देणाऱ्याला. माझ्या मते शाल-श्रीफळाचा खर्च एवढ्या अटीवर रास्त आहे. दोनशे लोकांसमोर एका रिक्षावाल्याचं नाव घेतलं जातं तेव्हा पुढच्या महिन्यात आणखी दोन-चार हात कामाला येतात, हे मी शनिवारी पंगतीत वाढताना पाहिलेलं आहे.

यंदाचं मानपत्र रुग्णांचे सरकारी योजनेचे अर्ज भरून देणाऱ्या एका निवृत्त कारकुनांना आहे. आणि कायम तिथीच्या सगळ्या कुटुंबांना पत्रं लिहायला घेतली आहेत : तुमच्या ठेवीवर आज किती व्याज येतं, एका जेवणाला किती खर्च होतो, फरक कुठून भरला जातो. नाव फळ्यावरून उतरणार नाही, हे पहिल्याच ओळीत. पहिलं पत्र नौपाड्याला मी स्वतः नेऊन दिलं. सूनबाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"