व्हिसाचा फोटो सगळ्यात आधी कोण बघतं?

२०१६ च्या डिसेंबरात न्यूझीलंडमधल्या एका तरुणाने पासपोर्टसाठी ऑनलाइन फोटो अपलोड केला आणि संगणकाने तो तिथल्या तिथे परत केला. कारण दिलं, डोळे मिटलेले आहेत. डोळे चांगले उघडे होते. तरुण आशियाई वंशाचा होता, त्यामुळे यंत्र वंशभेद करतं अशी बातमी जगभर गाजली. अधिकाऱ्यांनी मात्र डोळ्यांभोवतीच्या सावलीकडे आणि चेहऱ्यावरच्या असमान प्रकाशाकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत काही प्रणाली आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत, गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत, दहा ते शंभर पट अधिक वेळा दोन वेगळ्या माणसांना एकच समजत होत्या. पण सावलीने गोंधळणं हाही या यंत्रांचा जुनाच दोष. त्यातला निदान सावलीचा भाग अर्जदाराच्या हातात असतो.

व्हिसाच्या फोटोचे नियम वाचताना एखाद्या खडूस कारकुनाने ते लिहिले असावेत असं वाटतं. हसू नका, चष्मा काढा, मान सरळ ठेवा. खरं तर ही मोजमापाची पथ्यं आहेत. पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फोन्स बर्तियों याने १८८० च्या दशकात हे प्रथम नीट ओळखलं. दोन फोटोंची तुलना करायची तर कॅमेऱ्याचं अंतर, प्रकाश आणि बसण्याची पद्धत ठरलेली हवी. नाहीतर फरक माणसातला की फोटोतला, हे कळणार कसं? आज तेच काम आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, ‘दस्तऐवज ९३०३’ मधून करते. २००२ मध्ये या संघटनेने यंत्राने ओळख पटवण्यासाठी बोटांचे ठसे आणि बुबुळं यांच्याआधी चेहऱ्याला मान दिला. ई-पासपोर्टच्या चिपमध्येही चेहऱ्याचं गणिती सार नसतं, चक्क फोटोच असतो. ओळख पटवणारी सॉफ्टवेअर बदलत राहतात. फोटो असला की उद्याचं सॉफ्टवेअरही तो वाचू शकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो अंतराचा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, आणि लोक त्याचं खापर फोनच्या लेन्सवर फोडतात. गुन्हेगार लेन्स नसते, अंतर असतं. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो असं धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतात, म्हणजे कानांच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हा फरक ८ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच गणित मांडलं तेव्हा ३० सेंटिमीटरवरून नाक दीड मीटरच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं निघालं. सेल्फीत कान गालांमागे दडल्यासारखे दिसतात तेही यामुळेच. तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात फोन द्या, त्याला दीड-दोन मीटर मागे जायला सांगा, आणि चेहरा लहान वाटला तर झूम करा किंवा नंतर कापा. कापल्याने चेहऱ्याची प्रमाणं बदलत नाहीत. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. खालून काढला तर हनुवटी फुगते, वरून काढला तर कपाळ.

दुसरा सापळा पांढऱ्या भिंतीचा. नियम पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी मागतात, कारण डोक्याची कड कुठे संपते हे यंत्राला चटकन कळावं. पण कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाची एक खोड आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं असणार, असं तो गृहीत धरतो. बर्फाचे फोटो मळकट येतात ते याच खोडीमुळे. चौकटीत पांढरंच पांढरं दिसलं की तो घाबरून उजेड कमी करतो, आणि भिंत राखाडी होते, चेहरा काळवंडतो. त्वचा सावळी असेल तर गालांचा, नाकाच्या कडेचा तपशील त्या अंधारात बुडतो. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा. भिंतीला टेकून उभं राहू नका, अर्धा-एक मीटर पुढे या. म्हणजे सावली भिंतीवर न पडता खाली जाते. आणि पांढरा शर्ट नको, खांदे भिंतीत विरघळतात.

प्रकाश समोरून आणि पसरट हवा. खिडकीकडे तोंड करून उभं राहणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त स्टुडिओ. खिडकी एका बाजूला असेल तर अर्धा चेहरा अंधारात जातो; डोक्यावरचा दिवा भुवयांची सावली नेमकी डोळ्यांवर पाडतो. फोनचा फ्लॅश लेन्सच्या इतका जवळ असतो की त्याचा प्रकाश बाहुलीतून आत शिरून डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावरून थेट लेन्सकडे परततो, आणि डोळे लाल होतात. बाहुल्यांना इतका मान का, तर बहुतेक प्रणाली चेहरा सरळ करताना दोन डोळ्यांचा आधार घेतात. तो खुंटाच हलला तर पुढचं सगळं माप तिरकं. चष्म्याच्या काचेवरची चमक आणि फ्रेमची कड याच खुंटाच्या आड येतात. अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६ पासून व्हिसाच्या फोटोत चष्मा बंद केला. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांची सही असलेलं पत्र लागतं. हसण्याचंही तसंच. गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठांचे कोपरे सरकतात, आणि प्रत्येक वेळी ते वेगवेगळे सरकतात. चेहरा सैल सोडला की तो बऱ्यापैकी सारखा राहतो.

आकाराचे आकडे देशागणिक बदलतात. अमेरिकेला ५१ मिलिमीटरचा चौकोन हवा आणि त्यात हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर. शेंगेन देशांना, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांना, ३५ बाय ४५, आणि चेहऱ्याने उंचीची ७० ते ८० टक्के जागा भरलेली. म्हणून मूळ फोटो चारही बाजूंनी जागा सोडून काढावा. डिजिटल अर्जात अमेरिकेची किमान मर्यादा ६०० बाय ६०० पिक्सेल आहे, म्हणजे दोन इंच, इंचाला ३०० ठिपके. फाइल २४० केबीच्या आत. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेला फोटो बहुधा आधीच पिळून निघालेला असतो. जेपीईजी ही फोटो साठवण्याची नेहमीची पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून तपशील टाकत जाते, आणि फार पिळलं की गालावर फरशा बसवल्यासारख्या दिसतात.

सौंदर्य फिल्टर बंद आहे ना, हे दोनदा तपासा. काही फोन ते गुपचूप चालू ठेवतात. पार्श्वभूमी बदलणारी अ‍ॅप केसांच्या कडा आणि कधी कानही कुरतडतात. फोटोत फेरफार नको या नियमामागे आणखी गंभीर कारण आहे. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की दोन माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळून बनवलेला एकच फोटो दोघांशीही जुळतो. म्हणजे एका पासपोर्टवर दोघं. पासपोर्ट तपासणारा खिडकीमागचा माणूस हे पकडेल, अशी आपली समजूत असते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली गेली, तेव्हा समोरच्या माणसाचा नसलेला फोटो त्यांनी १४ टक्के वेळा त्याचाच म्हणून मान्य केला. अनोळखी चेहरा ओळखणं आपल्याला वाटतं तितकं कोणालाच जमत नाही.

राहता राहिला फोटो गेल्या सहा महिन्यांतलाच हवा, हा नियम. गेल्या वर्षीचाच फोटो वापरला तर काय बिघडतं, चेहरा तर तोच आहे! अमेरिकेच्या व्हिसा लॉटरीच्या सूचनांमध्ये याचं सरळ उत्तर आहे: गेल्या वर्षीच्या अर्जातला फोटो पुन्हा लावला तर अर्ज बाद. वर्षभराने काढलेल्या फोटोत केसांची एखादी बट तरी हलते. जिथे तीही हललेली नाही, तिथे फोटो जुना आहे हे संगणकाला विचारायचीही गरज पडत नाही.