सपाट मुलूख, संथ सायकल : पाण्याकाठच्या भटकंतीची पार्श्वभूमी

भाईंदरच्या जेट्टीवर रविवारी सकाळी वसईच्या रो-रो बोटीसाठी रांग लागते. स्कूटर, रिक्षा, एखादा टेम्पो आणि त्यांच्यात कॅरिअरला पंप आणि पाण्याची बाटली करकचून बांधलेल्या चार-दोन सायकली. ही बोट फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्याआधी सायकलने पलीकडे जायचं तर घोडबंदरला वळसा घालून, वरसोव्याच्या पुलावरून, ट्रकांच्या धुरात सुमारे 38 किलोमीटर काढावे लागत. पाण्यावरून तेच अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. बोटीतून उतरलं की वसईचा किल्ला जवळच, आणि तिथून पार अर्नाळ्यापर्यंत दम लागावा असा चढ नाही.

या रांगेतले बहुतेक जण शर्यतीला निघालेले नसतात. दिवसभरात तीस-चाळीस किलोमीटर, वाटेत दोन चहा, एखादं देऊळ, एखादं चर्च, कुणाच्या तरी वाडीतली विहीर, आणि अंधाराच्या आत घरी. सायकलवरची ही रमतगमत भटकंती आपल्याकडे नव्याने आलेली वाटते. पण तिचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग नद्यांच्या सपाट मुलखात घडलेला आहे.

सुरुवातच नदीकाठी झाली. ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमावर जर्मनीतलं मानहाइम शहर आहे. 12 जून 1817 रोजी कार्ल द्राइस नावाचा वनखात्यातला अधिकारी तिथून दोन चाकांच्या लाकडी गाडीवर बसून निघाला. गाडीला पॅडल नव्हतं, चेन नव्हती. जमिनीला पाय मारत पुढे सरकायचं. सहा-सात किलोमीटरवरच्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत जाऊन तो जेमतेम तासाभरात परत आला. आदल्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नव्हता. 1815 साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या परिणामाने थंडी हटेना, पिकं बुडाली, घोड्यांना दाणा मिळेना. घोड्याला पर्याय शोधायची निकड त्यातूनच आली असावी, असं काही इतिहासकार मानतात. मला त्यात महत्त्वाची वाटते ती जमीन. पायाने ढकलायची ती गाडी चढावर चालली नसती. तिला तळहातासारखा सपाट मुलूख हवा होता, आणि तो नदीच्या गाळाने आधीच तयार करून ठेवला होता.

पुढे यंत्र सुधारत गेलं. 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने जवळपास सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन जोडलेली सायकल आणली. 1888 मध्ये डनलॉपचा हवा भरायचा टायर आला. इंग्लंडात सायकलने हिंडणाऱ्यांचा संघ 1878 मध्येच निघाला होता, नेदरलँड्समध्ये 1883 मध्ये. कुठला रस्ता बरा, कुठल्या खाणावळीत मुक्काम करावा, ही माहिती सभासदांपर्यंत पोचवणं हे अशा संघांचं मोठं काम.

पण सायकल असून भागत नाही, हिंडायला मोकळा दिवस लागतो. मुंबईत तो दिवस नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिला. गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळावी ही मागणी त्यांनी 1884 पासून लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मोकळा मिळायला हवा, असं त्यांचं सांगणं होतं. त्या कामगाराला तेव्हा सायकल परवडण्यासारखी नव्हती. तरीही रविवारी जेट्टीवर उभं राहिलं की मला लोखंडे आठवतात. फ्रान्समध्ये असंच 1936 साली घडलं. कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात कामगार जोडपी सायकली घेऊन, कुणी दोघांच्या टँडमवर, शहराबाहेर पडली.

मुंबईचा सायकलप्रवास म्हटला की जाणकारांना दुसरी तारीख आठवते, 15 ऑक्टोबर 1923. त्या दिवशी सहा पारशी तरुण इथून सायकलने जगप्रवासाला निघाले. 18 मार्च 1928 रोजी त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर कापून परतले. पराक्रमाचा हा धागा पुढे मुंबई-पुणे शर्यतीत आणि तिच्यातल्या ‘घाटांचा राजा’ या किताबात दिसतो, आणि आजच्या 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुऱ्या करायच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीतही. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र घड्याळ न लावता हिंडणाऱ्याची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून तो नव्हताच असं नाही. आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. तासावर भाड्याने आणलेली सायकल, नळीच्या मधून पाय घालून शिकणं, नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की अडवणारा पोलीस. हिंद सायकल्सचा कारखाना तर आपल्या वरळीत होता.

वसईत सायकल हे कामाचं जनावर होतं. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही सगळी गावं उल्हास आणि वैतरणा यांच्या मुखांमधल्या सपाट पट्टीत आहेत. रहाटाच्या पाण्यावर केळी, पानवेल, मोगरा, पालेभाजी पिकायची आणि पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची. वाडीपासून स्टेशनपर्यंतचं ओझं सायकलवर. नंदाखालच्या एका काकांनी मला त्यांची जुनी काळी सायकल दाखवली. कॅरिअरवर लाकडी फळी ठोकलेली, फळीच्या दोन्ही टोकांना खाचा. ओलं केळीचं सोपट त्या खाचांत अडकवून फुलांची टोपली बांधायची, म्हणजे दोरीसारखं ते काचत नाही. “ब्रेक दाबला की टोपली पुढे येते,” काका म्हणाले. “म्हणून वळणाच्या खूप आधी पाय थांबवायचे. सायकल आपली आपण मंदावते. आमच्याकडे घाई करणाऱ्याची फुलं रस्त्यावर पडायची.”

त्यांची जवळची वाट जायची बांधावरून. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून घातलेले हे मातीचे बांध, आणि पावसाचं साठलेलं पाणी ओहोटीला सोडायला त्यांत ठेवलेल्या उघाड्या. बांध सायकलसाठी घातलेला नाही, तो शेत राखायला घातलेला आहे. पण पाणी सपाटीत अडवायचं तर बांधाचा माथा एका पातळीत ठेवावा लागतो, आणि एका पातळीतली वाट सायकलला लागते. संथ सायकल जगभर जिथे रुजली तिथे असंच झालेलं दिसतं. वाट दुसऱ्याच कामासाठी तयार झाली, काम संपलं किंवा बदललं, आणि सायकलवाल्याला ती आयती मिळाली.

डॅन्यूबचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत सुमारे 320 किलोमीटरची सायकलवाट आज कुटुंबंच्या कुटुंबं मुलाबाळांसकट सावकाश पार करतात. तिचे मोठे टप्पे मुळात घोड्यांचे. मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध न्यायच्या तर काठावरून घोड्यांनी दोर ओढत चालायचं. आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट गवतात राहिली. 1980 च्या दशकात तीच सायकलींसाठी खुली होत गेली. ओझं ओढणाऱ्या घोड्याला चढ नको असतो, म्हणून या वाटेला चढ नाही.

नेदरलँड्समध्ये आणखी एक रविवार कामी आला. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी मोटारींना बंदी घातली. पहिला असा रविवार 4 नोव्हेंबरचा. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. रस्ता मुलांचा आणि सायकलचाही आहे, ही मागणी तिथे आधीच उठली होती. तिला बळ मिळालं.

शेजारच्या बेल्जियममधली लिंबर्गची गोष्ट मला फार आवडते. म्यूज नदीकाठचा हा कोळशाच्या खाणींचा प्रांत. शेवटची खाण 1992 साली बंद पडली. ह्यूगो बोलेन हे खाणीतले अभियंता. जमिनीखालच्या बोगद्यांत दिशा कळावी म्हणून फाट्यांना आकडे देतात. तीच पद्धत त्यांनी वर, शेतांमधल्या वाटांवर आणली. 1995 पासून तिथे प्रत्येक फाट्यावर आकड्याची पाटी आहे. निघताना कागदाच्या चिटोऱ्यावर चार-पाच आकडे लिहायचे, चिटोरा हँडलला बांधायचा आणि एकेक आकडा गाठत जायचं. कंटाळा आला की मधूनच दुसरा आकडा धरायचा. पुढे नेदरलँड्सनेही ही पद्धत उचलली.

अशा मुलखात शहरंही जवळजवळ असतात, तेही पाण्यामुळेच. होडी लागते तिथे बाजार भरतो, बाजाराचं शहर होतं. आपल्याकडे सोपारा, वसई, कल्याण ही सगळी जुनी बंदरं. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चच्या भिंती आणि 1739 चा चिमाजी अप्पांचा विजय. तिथून तासाभराच्या सायकलीवर सोपाऱ्याचा स्तूप, जो 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून जगापुढे आणला. एका सकाळीत दोन हजार वर्षं ओलांडायला गिअरची सायकलही लागत नाही.

मात्र ही सपाटी आपण झपाट्याने भरून टाकतो आहोत. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, लोकल अडकल्या. पाणी मुरायच्या आणि वाहायच्या जागांवर भराव पडला की असंच होणार. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची चळवळ या हिरव्या पट्ट्यासाठी वर्षानुवर्षं भांडली. वाड्या, बांध आणि उघाड्या राहिल्या तरच इथे सायकलला वाट राहील. नुसता रंगवलेला सायकल ट्रॅक त्याची जागा घेऊ शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात गासच्या बाजूला आम्ही एका उघाडीपाशी उतरलो. वरच्या दोन फळ्या शेवाळलेल्या, खाली ओहोटीचं पाणी बारीक आवाज करत खाडीकडे निघालेलं. समोरून एक जण सायकलवर गवताचा भारा घेऊन आला. भारा इतका रुंद की हँडल दिसत नव्हतं. तो उतरला, सायकल हाताने धरून फळ्यांवरून पलीकडे नेली, आणि आमच्या गिअरच्या सायकलींकडे पाहत म्हणाला, “डावीकडची फळी हलते. सायकल उचलूनच घ्या.”