तारखेचा रकाना, वेळेचा रकाना: जोडणीमागची पार्श्वभूमी

लातूर भागातील एखाद्या शेतकऱ्याने सोयाबीन बाजारात आणण्यासाठी मोबाइलवर १५ ऑक्टोबर ही तारीख आणि सकाळी १०.३० ही वेळ निवडली आणि पावतीवर १४ ऑक्टोबर उमटले, तर चूक त्याची नसते. ती दोन रकाने जोडणाऱ्या कोडची असते, आणि त्या कोडमागे तीस वर्षांचा इतिहास आहे.

वेगळे रकाने ही जुनी कागदी रीत आहे. दवाखान्याच्या नोंदवहीत तारीख आणि वेळ शेजारी शेजारी लिहिली जाते. १९९२ च्या एसक्यूएल या माहितीसाठ्यांच्या भाषेच्या मानकानेही दिनांक, वेळ आणि दोन्ही मिळून होणारा क्षण असे तीन वेगळे प्रकार मानले. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा घडवताना मात्र तारखेची रचना त्या वेळच्या जावा या दुसऱ्या भाषेवरून जशीच्या तशी घेतली, आणि महिने शून्यापासून मोजण्याची खोडही तिच्यासोबत आली. या रचनेत नुसती तारीख किंवा नुसती वेळ ठेवायला जागाच नाही. जागतिक वेळेतील (यूटीसी) १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद तेवढे असतात.

त्यामुळे नुसत्या तारखेलाही एक वेळ चिकटतेच. प्रश्न असतो, ती कुठली? जावास्क्रिप्टच्या २००९ च्या मानकाने, सोबत कालविभाग (टाइम झोन) दिला नसेल तर तारीख आणि तारीख-वेळ या दोन्ही मजकुरांना जागतिक वेळ धरायला सांगितले, २०१५ मध्ये स्थानिक वेळ धरायचे ठरले, आणि २०१६ पासून नुसत्या तारखेला जागतिक तर वेळेसह लिहिलेल्या तारखेला स्थानिक, असा दुहेरी नियम कायम झाला. माझ्या मते या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच आहे. आपली घड्याळे साडेपाच तास पुढे असल्याने १५ तारखेची इथली मध्यरात्र जागतिक वेळेत १४ तारखेची संध्याकाळ, ६.३० असते; हा क्षण जागतिक वेळेतल्या मजकुरात लिहून त्यातील तारखेचा तुकडा कापून त्याला १०.३० जोडले की दिवस मागे गेलाच. दिवस कुठे बदलतो, हा घोळ आपल्याला नवा नाही: पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढताना नांदेडचा प्रवासी आजही तारीख दोनदा विचारतो.

ब्राउझरमध्ये तारीख आणि वेळ दोन्ही एकत्र घेणारा रकाना एचटीएमएल या वेबपाने मांडायच्या भाषेने दिला खरा, पण फायरफॉक्स आणि मॅकवरील सफारी यांच्यात तो २०२१ मध्ये आला. तोवर दोन रकान्यांची सवय पक्की झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये जावास्क्रिप्टमधील तारीख-वेळेच्या नव्या रचनेचा ‘टेम्पोरल’ हा प्रस्ताव मानक होण्याच्या वाटेवरील तिसऱ्या टप्प्यावर पोहोचला. त्यात साधी तारीख आणि साधी वेळ असे स्वतंत्र प्रकार आहेत, ते थेट जोडता येतात, आणि कालविभाग नंतर स्पष्टपणे सांगावा लागतो. जुन्या रचनेवर काम करताना दोन्ही मजकूर आधी ‘टी’ (T) या अक्षराने जोडून, शेवटी +०५:३० लिहून, मगच त्याचा क्षण बनवावा.