गांजाच्या प्रयोगांत बायका कुठे होत्या?

गांजा बाईला जास्त चढतो की पुरुषाला, याचं सरळ उत्तर आजही मिळत नाही. याला शरीर जितकं कारण आहे, तितकेच प्रयोग करणारेही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टर पाळीच्या दुखण्यावर गांजाचा अर्क देत. व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या औषधाबद्दल लिहिलंही. (राणीनेही तो घेतला, ही मात्र पुराव्याविना फिरणारी गोष्ट.) पुढे नशा म्हणून त्याचा अभ्यास सुरू झाला आणि बाई त्यातून बाहेर पडली. १९६८ मधल्या बोस्टनच्या गाजलेल्या प्रयोगात झाडून सगळे पुरुष होते.

अपवाद टोरांटोचा. १९७२ मध्ये तिथल्या व्यसन-संशोधन संस्थेने वीस तरुणींना ९८ दिवस रुग्णालयात ठेवलं. बाहेर जायची मुभा नाही. दिवसभर हातमागावर लोकरीचे पट्टे विणायचे, विणाल तेवढे पैसे. त्यांतल्या काहींना रोज रात्री गांजा ओढावाच लागे. गांजा ओढून माणूस कामचुकार होतो का, हे सरकारला पाहायचं होतं. पुरुषांवरच्या अशाच प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले. या बायकांची आकडेवारी मात्र बासनात गेली. २०१३ मध्ये एका वर्तमानपत्राने हे प्रकरण उकरून काढलं, तोवर त्या साठीला टेकल्या होत्या. मला तर ही निव्वळ बेपर्वाई वाटते.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या औषधचाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितलं. मागे थॅलिडोमाइडचा, म्हणजे गरोदरपणी घेतल्याने बाळांत व्यंग आणणाऱ्या औषधाचा, धसका होता. हे धोरण १९९३ मध्ये बदललं.

मग उंदरांवर काम वाढलं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रिबेका क्राफ्ट यांना दिसलं की टीएचसीने (गांजातला नशा आणणारा घटक) माद्यांच्या वेदना नरांपेक्षा जास्त शमतात, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या चढउताराप्रमाणे हा परिणाम बदलतो, आणि माद्यांच्या शरीराला त्याची सवयही लवकर होते. हेच माणसांतही दिसेल, असं वाटणं साहजिक होतं. पण २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात नेहमी गांजा ओढणाऱ्या २१ पुरुषांना आणि २१ स्त्रियांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावला, तेव्हा गांजाने वेदना कमी झाल्या त्या प्रामुख्याने पुरुषांच्या. नशा मात्र दोघांनाही सारखीच चढली होती.