वेगळा सँडबॉक्स दिला म्हणजे झालं? नाही भो
सेल्सफोर्सच्या (कंपन्यांचं ग्राहकांचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) टीममध्ये वर्षानुवर्षं हे चालत आलंय की प्रत्येकाला आपापला सँडबॉक्स, म्हणजे प्रॉडक्शनची (खऱ्या चालू सिस्टिमची) काम करायला वेगळी प्रत, द्या, मग पायात पाय येत नाहीत. अर्धंच खरं. सँडबॉक्स कामं वेगळी ठेवतो, जोडून देत नाही. आमच्या जळगावच्या टीमचंच बघा ना, एकच एपेक्स क्लास (सेल्सफोर्सच्या कोडचा एक तुकडा) मी माझ्याकडे बदलला आणि धुळ्याहून काम करणाऱ्या पोराने त्याच्याकडे, माझा चेंज सेट (प्रॉडक्शनवर पाठवायचं बदलांचं गाठोडं) दुपारी गेला, त्याचा संध्याकाळी, आणि माझ्या 14 ओळी प्रॉडक्शनवरून गायब, ना एरर ना वॉर्निंग! कारण चेंज सेट अख्खा क्लासच बदलून टाकतो, ओळी जुळवत बसत नाही. (फ्लोचं, म्हणजे कोड न लिहिता बनवलेल्या ऑटोमेशनचं, जरा वेगळं, तिथे नवं व्हर्जन बनतं, पण त्यातही दुसऱ्याचा बदल नसतोच.) ओळी जुळवायचं काम गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), आणि दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर तेही थांबून तुम्हालाच विचारतं.

आणि सँडबॉक्स रिफ्रेश केला, म्हणजे प्रॉडक्शनची ताजी प्रत घेतली, की सगळं जुळतं म्हणणारे पण आहेत. प्रॉडक्शनमधलं नवं येतं हे बरोबर, पण तुमचं न पाठवलेलं काम पुसलं जातं. डेव्हलपर सँडबॉक्स दिवसातून एकदा रिफ्रेश करता येतो, म्हणून सवयीने बटण दाबू नका, आधी गिटमध्ये टाका.